'अचीव्ह'मधलं डोकं

निकाल लागले की अमळनेरच्या चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स चढतात. पासपोर्ट फोटोंच्या रांगा, खाली टक्के, वर ठळक 'आमचे अचीव्हर्स'. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "काय भो, अचीव्हर म्हनजे पहिला आलेला का?" मी मान डोलावली खरी, पण शब्दाचं मूळ वेगळंच आहे.

'अचीव्ह'च्या पोटात डोकं आहे. लॅटिनमध्ये डोकं म्हणजे 'कापुट'. जुन्या फ्रेंचमध्ये 'का'चा 'च' झाला, शेपूट झिजलं. पुढे त्या 'च'चाही 'श' झाला. इंग्रजांनी हा शब्द दोनदा उचलला: 'च' होता तेव्हा 'चीफ', 'श' झाल्यावर, १९व्या शतकात, स्वयंपाकघरातला 'शेफ'. उधारी कधीची, ते उच्चारच सांगतो.

डोकं म्हणजे शरीराचं टोक. म्हणून फ्रेंचांत 'डोक्याशी येणं' म्हणजे शेवटाला पोचणं, आणि त्यावरून क्रियापद झालं, काम पुरं करणं. १४व्या शतकात ते इंग्रजीत आलं. आपण काम 'तडीस' नेतो, तेही असंच. तड म्हणजे काठ. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर भर पावसाळ्यात उभं राहिलं की कळतं, नाव पलीकडे लागली एवढंच पुष्कळ असतं. पहिली कोणाची लागली हे कोणी विचारत नाही. मेहनतीनं मिळवलेलं यश हा रंग इंग्रजीत चढला. फ्रेंचमध्ये ते क्रियापद आजही 'संपवणं'च आहे, अगदी जखमी जनावराला मारून टाकण्यासाठीही चालतं.

'मिसचीफ' हे त्याचंच भावंड: वाईट शेवटाला जाणं. पोरांच्या खोड्यांवर ते नंतर आलं. 'हँडकर्चिफ'मध्येही हेच डोकं. 'कर्चिफ' म्हणजे डोकं झाकायचं फडकं, त्याला पुढे हात जोडला. मे महिन्यात रुमाल डोक्याला गुंडाळून फिरणारा जळगावकर तो शब्दाला धरूनच वापरतो म्हणायचा.

'अचीव्हमेंट'चा आणखी एक अर्थ: घराण्याचं संपूर्ण राजचिन्ह. इंग्लंडात घरातलं कोणी वारलं की हे चिन्ह चौकोनी फळीवर रंगवून, फळी कोपऱ्यावर उभी करून घराबाहेर टांगत. बोलता बोलता त्या फळीचं नाव झिजून 'हॅचमेंट' झालं. अमळनेरच्या त्या चौकात 'अचीव्हर्स'च्या शेजारचा फ्लेक्स 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा होता.