आल्ता कॅलिफोर्नियातील जमीन-सनदा

मेक्सिको १८२१ साली स्वतंत्र झाला, तेव्हापासून १८४६ पर्यंत आल्ता कॅलिफोर्निया या सीमाप्रांताच्या गव्हर्नरांनी लोकांना दिलेल्या जमिनी. आजचे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य याच प्रांतातले. स्पॅनिश अमदानीत अशा सनदा तीसेकच निघाल्या होत्या. मेक्सिकन अमदानीत त्या शेकड्यांनी निघाल्या.

१८२४ चा वसाहत कायदा आणि १८२८ ची नियमावली हा त्यांचा पाया. एका माणसाला जास्तीत जास्त ११ चौरस लीग (सुमारे ४८,७०० एकर) जमीन मिळे: १ बागायती, ४ जिरायती, ६ चराऊ. पण चांगली, पाण्याची जमीन २१ ख्रिस्ती मिशनांकडे होती. गव्हर्नर होसे फिगेरोआने १८३४ मध्ये मिशने सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. त्यात तिथे राबणाऱ्या मूळ रहिवाशांना जमिनीचे तुकडे आणि निम्मी गुरे द्यायची होती. प्रत्यक्षात बहुतेक जमीन सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घराण्यांकडे गेली. या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच. १८४५ मध्ये एल एस्कोर्पियोन रांचो (गुरे पाळण्याची मोठी जमीन) तिघा मूळ रहिवाशांना मिळाला, पण अशी उदाहरणे थोडी.

अर्जदार गव्हर्नरकडे अर्ज करी आणि सोबत जमिनीचा हाताने काढलेला नकाशा, म्हणजे ‘दिसेन्यो’, जोडी. त्यात ओढा, टेकडी, एखादे मोठे ओकचे झाड, गुरांची वाट एवढेच असे. स्थानिक आल्काल्देचा, म्हणजे दंडाधिकाऱ्याचा, अहवाल आला की सनद निघे. प्रांतिक सभेची मंजुरी त्यानंतर. मग मोजणी. दोन घोडेस्वार ५० व्हारांची (व्हारा हे लांबीचे स्पॅनिश माप; एकूण सुमारे ४२ मीटर) दोरी घेऊन निघत. दोरीच्या दोन्ही टोकांना खुंट बांधलेले असत; एकजण खुंट रोवून थांबे, दुसरा पुढे दौडे. शेवटी नवा मालक गवत उपटून आणि दगड चहूकडे फेकून ताबा घेई. शेजाऱ्यांना हद्द ठाऊक असे. गुरांची कातडी आणि चरबी यांच्या व्यापारावर चालणाऱ्या मुलखात एवढी मोजणी पुरे.

सनदांचा ओघ हुआन बाउतिस्ता आल्वारादो (१८३६–४२), मानुएल मिचेल्तोरेना आणि पिओ पिको या गव्हर्नरांच्या काळात वाढला. आल्वारादोने १८४१ मध्ये सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात जॉन सटर या स्विस स्थलांतरिताला ११ चौरस लीग दिल्या. पिकोने अमेरिकी सैन्य येण्याच्या सुमारास घाईघाईने अनेक सनदा दिल्या. त्यांतील काहींवर मागची तारीख घातल्याचा संशय पुढे न्यायालयात आला.

अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवून हा प्रांत अमेरिकेला देणाऱ्या १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने मालमत्तेच्या संरक्षणाची हमी दिली. मात्र १८५१ च्या अमेरिकी कायद्याने हक्क सिद्ध करण्याचा भार सनदधारकांवरच टाकला. त्या कायद्याने नेमलेल्या भूमी आयोगापुढे ८१३ दावे आले, त्यांपैकी ६०४ अखेर मान्य झाले. पक्के खातेपत्र हाती यायला सरासरी १७ वर्षे लागली. तोवर वकिलांची फी आणि कर्जाचे व्याज यांत अनेकांची जमीन गेली. खुद्द पिको १८९४ मध्ये लॉस एंजेलिसला निर्धन अवस्थेत वारला. दाव्यांना जोडलेले शेकडो दिसेन्यो बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात जपलेले आहेत.