हिंडलगा: फाशीघरापलीकडची गोष्ट

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात हिंडलगा मध्यवर्ती कारागृह येतं. सीमाभागातल्या मराठी घरांत त्याची ओळख ठरलेली आहे. 1950 साली सावरकरांना इथे स्थानबद्ध केलं होतं, सीमालढ्यातल्या सत्याग्रहींनी इथली हवा खाल्ली आणि इथे फाशीघर आहे. आत राहणाऱ्यांच्या तब्येतीची चौकशी मात्र या आठवणींत कुणी करत नाही.

कारागृह 1923 चं, मुंबई इलाख्यातलं. त्या काळी लागू असलेला 1894 चा तुरुंग कायदा आज वाचला तर नवल वाटतं. कैदी आत आला की त्याची वैद्यकीय तपासणी व्हायची. प्रकृती कशी, अंगावर जखमा आहेत का, कोणतं काम झेपेल, हे नोंदवायचं. मजुरी करणाऱ्यांचं वजन पंधरवड्यातून एकदा तरी लिहायचं. त्यात माया किती आणि कामाचा हिशेब किती, हे उघड आहे. पण कलम 14 खरंच काळाच्या पुढचं होतं. शिस्तीमुळे किंवा वागणुकीमुळे कैद्याच्या मनावर वाईट परिणाम होतोय असं वाटलं, तर डॉक्टरने अधीक्षकांना लेखी कळवायचं.

कैद्याला सुधारून समाजात परत पाठवणं हे तुरुंगाचं काम आहे, असं 1919-20 च्या जेल कमिटीने म्हटलं. आपल्या शेजारच्या औंध संस्थानाने ते करूनही दाखवलं. 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, 1963 साली त्या राज्याने स्वतःचा तुरुंग कायदा केला. कागद बदलले.

पुढचा रेटा आला तो न्यायालयांतून. बेंगळुरूच्या कारागृहातून आलेल्या एका पत्रावर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राममूर्ती खटल्याचा निकाल दिला. गर्दी, रखडलेले खटले, निकृष्ट जेवण यांच्या जोडीने आरोग्याची हेळसांड हा स्वतंत्र प्रश्न म्हणून त्यात नोंदवला गेला.

हिंडलग्याचं नाव मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालात आलं. फाशीची शिक्षा झालेला एक कैदी इथे 2006 पासून सुमारे 10 वर्षं एकांतकोठडीत होता. भारतीय दंड संहितेत एकांतवासाची शिक्षा एकूण 3 महिन्यांच्या वर देता येत नव्हती, आणि दयेच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत फाशीच्या कैद्यालाही असं वेगळं ठेवता येत नाही, हे 1978 च्या सुनील बत्रा निकालापासून ठरलेलं होतं. इतक्या एकांताचा त्याच्या प्रकृतीवर परिणाम झाल्याचं नमूद करून न्यायालयाने फाशी रद्द केली आणि किमान 30 वर्षं तुरुंगवास ठेवला. गुन्ह्याची घृणा वाटणाऱ्यांना हा निकाल पचला नसेल. तरी कलम 14 कशासाठी लिहिलं होतं, ते इथे कळतं.

दरम्यान 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांच्या उपचारांची सोय बंधनकारक केली. केंद्राने 2023 मध्ये राज्यांसाठी नमुना तुरुंग कायदाही तयार केला. पण तुरुंग हा राज्याचा विषय, त्यामुळे तो स्वीकारायचा की नाही हे बेंगळुरूच्या हाती आहे.