स्मार्टवॉच कनेक्ट होत नाही? रीसेट करण्याआधी हे वाचा

घड्याळात पावलं मोजली जातात, पण फोनवरच्या ॲपमध्ये दिसत नाहीत. फोन वाजतो आणि मनगट गप्प. हवामानाच्या जागी नुसत्या दोन रेघा. अशा वेळी बरेच जण थेट घड्याळ रीसेट करतात, म्हणजे त्यातलं सगळं पुसून ते नव्यासारखं करतात, आणि फोनवर न पोचलेली पावलं, झोपेच्या नोंदी कायमच्या घालवून बसतात. कृपया ही घाई करू नका. बहुतेक वेळा घड्याळ धडधाकट असतं, फोनमधली एखादी परवानगी बंद असते.

बिघाड नेमका कुठे?

दोन-चार हजारांच्या घड्याळात सहसा वायफाय नसतं आणि सिमही नसतं. ते ब्लूटूथवरून फक्त फोनशी बोलतं. पुढे इंटरनेटवर जायचं काम फोनमधलं ॲप करतं. म्हणून आधी ॲप उघडा आणि मुख्य पानावर बोट खाली ओढा. पावलं आली, पण हवामान किंवा नवीन वॉचफेस येत नसेल, तर ब्लूटूथ ठीक आहे, अडचण इंटरनेटची आहे. ‘डिस्कनेक्टेड’ दिसलं, तर अडचण ब्लूटूथच्या जोडणीत आहे. आणि ॲप उघडं असेपर्यंत सगळं चालतं, तासाभराने बंद पडतं, असं होत असेल तर फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲप बंद करतोय.

फोन ॲप बंद करतो तेव्हा

हा दोष अँड्रॉइडवर फार दिसतो. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात घड्याळाचं ॲप, त्यात बॅटरी उघडा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. शाओमी, रेडमी, पोकोच्या फोनवर एवढ्याने भागत नाही. तिथे ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं चालू करावं लागतं. ओप्पो, रिअलमी, विवोवर ॲपला बॅकग्राउंडला चालू राहण्याची परवानगी द्या. रिसेंट ॲप्समधून सगळी ॲप्स झाडून टाकायची सवय असेल, तर घड्याळाच्या ॲपला तिथे कुलूप लावून ठेवा. नाहीतर दर झाडणीबरोबर घड्याळाची जोडणी तुटणार.

जोडणी ॲपमधूनच करा

सर्वांत जास्त होणारी चूक ही: फोनच्या ब्लूटूथ यादीत घड्याळाचं नाव दिसलं, त्यावर बोट ठेवलं, ‘पेअर’ केलं. मग ॲपला घड्याळ सापडतच नाही. कारण कॉलिंगच्या घड्याळात बहुधा दोन जोडण्या असतात. पावलं, नोटिफिकेशन यांची एक, ती ॲप करतं. फोनवरच्या बोलण्याची दुसरी, ती ब्लूटूथ यादीत दिसते. आधी ॲपमधून घड्याळ जोडा, मग विचारलं की कॉलिंगला होकार द्या. घड्याळ आधी घरातल्या दुसऱ्या फोनला जोडलेलं असेल, तर त्या फोनच्या ॲपमधून ते आधी काढा. एका फोनला चिकटलेलं घड्याळ दुसऱ्याला सहसा दिसत नाही.

अँड्रॉइड 12 पासून ॲपला ‘निअरबाय डिव्हायसेस’ ही परवानगी लागते. अँड्रॉइड 6 ते 11 वर ब्लूटूथने घड्याळ शोधायलाही लोकेशन चालू असावं लागतं, त्यामुळे ॲपने लोकेशन मागितलं की घाबरून नाकारू नका. नोटिफिकेशनसाठी ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ वेगळा द्यावा लागतो, आणि ॲपच्या आत व्हॉट्सॲपचं बटण पुन्हा वेगळं. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून थेट फाइलवरून ॲप टाकलं असेल, तर अँड्रॉइड 13 पासून फोन हा ॲक्सेस अडवू शकतो. ते ॲप काढून प्ले स्टोअरवरून घ्या.

आयफोन असेल तर

कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण दाबल्याने ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. जोडलेली उपकरणं दुसऱ्या दिवशी पहाटे 5 पर्यंत सुटतात. ॲपल वॉच यातून वगळलेलं आहे, इतर कंपन्यांची घड्याळं नाहीत. रात्रभर झोपेची नोंद फोनवर आली नाही, तर आधी हे तपासा. जोडणी आहे पण मेसेज येत नाहीत, तर सेटिंग्जमधल्या ब्लूटूथ यादीत घड्याळाशेजारच्या ‘i’ खुणेवर जा आणि ‘शेअर सिस्टिम नोटिफिकेशन्स’ चालू करा.

इंटरनेटची बाजू

डेटा सेव्हर, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा) आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ (वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची सेटिंग) ही तिन्ही पाच मिनिटं बंद करून पाहा. जाहिराती अडवणारा डीएनएस कधीकधी घड्याळाच्या सर्व्हरलाही अडवतो. फक्त हवामानच येत नसेल, तर ॲपची लोकेशन परवानगी ‘नेहमी’वर ठेवा.

वायफाय असलेल्या घड्याळांची गोष्ट थोडी वेगळी. हॉटेल-हॉस्पिटलात मोबाइल नंबर टाकून चालू होणारं वायफाय ॲपल वॉचला सहसा चालत नाही. सिरीज 6 च्या आधीच्या ॲपल वॉचला राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत नाही, 2.4 चं लागतं.

अंतर

ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे डाव्या मनगटावर घड्याळ आणि पँटच्या उजव्या मागच्या खिशात फोन असेल तर तुटक जोडणी होते. फोन लोखंडी कपाटात ठेवला, तर दोन पावलांवरही संपर्क जाईल.

रीसेट करायचंच असेल तर

आधी ॲपमध्ये सिंक, म्हणजे घड्याळातल्या नोंदी फोनवर येणं, पूर्ण होऊ द्या. मग ॲपमधून घड्याळ ‘अनपेअर’ करा, ब्लूटूथ यादीतली त्याची नावं ‘फरगेट’ करा, फोन आणि घड्याळ दोन्ही बंद-चालू करा, आणि पुन्हा ॲपमधूनच जोडा. एवढं केल्यावर घड्याळ रीसेट करायची वेळ क्वचितच येते. फोनचं ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ अगदी शेवटी. त्याने घरच्या वायफायचा पासवर्ड आणि गाडी, हेडफोनच्या जोडण्याही पुसल्या जातात.

तरीही जमलं नाही तर आमच्या दुकानात येताना घड्याळाबरोबर फोन आणि घड्याळाचा चार्जर आणा, ॲपच्या खात्याचा पासवर्ड लक्षात ठेवून या. नुसत्या घड्याळावरून जोडणीचा दोष सापडत नाही.