संकरित मेंढीला मेंढाही त्याच संकराचा? नको!
संकरित मेंढ्यांना मेंढाही त्याच संकराचा लावला की गुण टिकतात, हे कितीतरी वर्षं फिरतंय. होतं उलटंच. पहिल्या पिढीत संकराचा जो जोम येतो (म्हणजे आईबापांच्या सरासरीपेक्षा जास्तीची वाढ नि तग) तो तशाच दोघांना आपसात लावलं की पुढच्या पिढीत साधारण निम्म्यावर येतो, वर कोकरं एकसारखी निघत नाहीत, एक आजीवर जातं एक आजोबावर. मटणासाठी कोकरं विकायचीत ना, मग तिसऱ्याच जातीचा शुद्ध मेंढा घ्या, ऑस्ट्रेलियात बॉर्डर लेस्टर आणि मेरिनो या दोन जातींच्या संकरित मेंढ्यांवर पोल डॉरसेट या मटणाच्या जातीचा मेंढा लावतात तो याचसाठी. फक्त पहिलारू मेंढीवर मोठ्या डोक्याचा, रुंद खांद्याचा नको, विताना अडते. आणि झालेल्या माद्या पुढच्या पैदाशीसाठी कळपात ठेवायच्या असतील तर हिशोबच वेगळा, तिथे मेंढ्याच्या आईचं दूध आधी बघा, त्याच्या मांड्या नंतर.