संहितेवाचून नाटक

कोकणातल्या दशावतारात कथा ठरलेली असते, संवाद मात्र लिहिलेले नसतात. समोरचा नट काय म्हणतो ते ऐकायचे आणि त्यावर आपले बोलणे रचायचे, अशी त्याची रीत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी रचलेले नाट्यखेळही संहितेवाचूनच चालतात. शारीरिक अपंगत्व असलेल्या तरुणांना उत्स्फूर्त नाट्याचा हा प्रकार का मानवतो, याचे एक कारण खुद्द शरीरातच सापडते.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणे. तिच्या एका प्रकारात हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या हालचाली इच्छेविरुद्ध होतात. मुद्दाम काही करायला गेले किंवा मनावर ताण आला, की त्या वाढतात. बसवलेल्या नाटकात या दोन्ही गोष्टी एकदम येतात. ठरलेल्या क्षणी पेला उचलायचा असतो, त्या धास्तीनेच हात अधिक उडतो, पेला सांडतो आणि प्रवेश फसतो. उत्स्फूर्त नाट्यात समोरच्याने ते सांडणे खरे मानून पुढे जायचे असते. ‘महाराज रागावले, पळा!’ असे कोणी ओरडले, की सांडलेले पाणी हाच प्रसंग होतो. आधी काही ठरलेलेच नसल्यामुळे चुकायलाही काही उरत नाही.

स्पोलिन यांच्या आरशाच्या खेळात दोघे समोरासमोर बसतात, एक हालचाल करतो आणि दुसरा तिचे प्रतिबिंब होतो. व्हीलचेअरवरच्या मुलाचा खांदा झटक्याने वर गेला, तर धडधाकट जोडीदारालाही तसाच झटका द्यावा लागतो, आणि तो त्याला सहजी जमत नाही. ‘हात सरळ कर’ हे व्यायामोपचारात रोज ऐकणाऱ्या मुलाची हालचाल इथे दुसऱ्यासाठी नमुना ठरते.

अमेरिकेत पीटर फेल्समन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, केवळ २० मिनिटांच्या उत्स्फूर्त नाट्याने अनिश्चितता सोसण्याची तयारी आणि मनाची प्रसन्नता वाढली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाकडून लिहिलेले संवाद करवून घेतले होते. हा प्रयोग अपंग तरुणांवर बेतलेला नव्हता, त्यामुळे त्याला उपचाराचा पुरावा म्हणणे घाईचे होईल.

खेळ घेणाऱ्याची खरी कसोटी वेगात असते. झटपट उत्तराची सक्ती केली, तर यंत्रावर एकेक अक्षर निवडून बोलणारी मुलगी पहिल्याच फेरीत बाहेर पडते. पण ती अक्षरे निवडत असताना बाकीचे आपापल्या भूमिकेत थांबले, तर दरबारातल्या त्या शांततेत सगळ्यांचे डोळे तिच्याकडेच लागलेले असतात.