मंद वाऱ्यातील काइट : दोऱ्यांचे माप आणि बारवरचा हात

काइटबोर्डिंगचे, म्हणजे काइट नावाच्या मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावर सरकण्याच्या खेळाचे, सामान दुरुस्तीसाठी आमच्याकडे येते तेव्हा त्यासोबत बहुधा एकच तक्रार येते : वारा १२ नॉटच्या (ताशी सुमारे २२ किमी) खाली उतरला की काइट मागे रेलतो आणि पाण्यात बसतो. दोष कापडात क्वचितच असतो. तो दोऱ्यांच्या मापात असतो आणि, राग नसावा, थोडा आपल्या वडोदरेकर हातातही असतो.

उत्तरायणाला गच्चीवर वारा पडला की आपण दोरी खेचतो आणि पतंग चढतो, कारण त्या खेचण्यातूनच त्याला वारा मिळतो. काइटचा बार, म्हणजे पुढच्या दोन आणि मागच्या दोन दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, अंगाकडे ओढल्यावर मात्र केवळ मागच्या दोन दोऱ्या आखडतात, काइटची मागची कड खाली येते, त्याचे पोट वाऱ्यासमोर जास्त उघडे पडते आणि त्याचा वेग मरतो. अशा वेळी बार वीतभर सैल सोडावा, काइटला पुढे धावू द्यावे आणि वेग आल्यावरच हलकेच ओढावे. मंद वाऱ्यात काइट एका जागी धरून ठेवू नये. त्याला वर-खाली फिरवत ठेवल्यानेच ओढ टिकते. तो उलट डोक्यावरून पुढे निघून दोऱ्या ढिल्या पडू लागल्या, तर मात्र बार ओढणेच योग्य.

आता मापाविषयी. पुढच्या दोन दोऱ्यांवर भार अधिक असल्याने त्या वापराने हळूहळू लांबतात, मागच्या तितक्या लांबत नाहीत. परिणामी बार सोडलेला असतानाही तो ओढल्यासारखाच काइट वागतो. दोऱ्या २० ते २४ मीटरच्या असल्याने गच्ची पुरत नाही, मैदानच लागते. दोरी रंगवणारे रस्त्याकडेला खांबांमध्ये दोरी ताणतात, तशी दोऱ्यांची काइटकडची चारही टोके एकाच खांबाच्या हुकात अडकवावीत, ट्रिमचा पट्टा (पुढच्या दोऱ्या आखूड-लांब करणारा) पूर्ण सैल करावा, बार तळापर्यंत ओढावा आणि सारखा ताण देऊन पाहावे. बहुतेक बारमध्ये या स्थितीत चारही दोऱ्या समान भरायला हव्यात. मागच्या आखूड भरल्यास त्यांची फासगाठ जोडदोरीवरच्या (दोरी जिला अडकवतात त्या गाठी मारलेल्या आखूड दोरीवरच्या) बाहेरच्या गाठीवर सरकवावी, दोन्ही बाजूंना सारखीच आणि एका वेळी एकच गाठ. समुद्रावर ऐन वेळी एवढे करणे जमले नाही, तर ट्रिमचा पट्टा थोडा ओढून पुढच्या दोऱ्या आखूड केल्यानेही काम भागते.

जानेवारीच्या उत्तरार्धात मैदानात माप घेऊ नये, असे आम्ही आवर्जून सांगतो. गवतात अडकलेला काचेचा मांजा डोळ्यांना दिसत नाही. त्यावरून ओढलेल्या दोरीला बारीक चीर पडते आणि ती पुढे भर समुद्रात तुटू शकते.

माप आमच्याकडून करून घ्यायचे असल्यास दोऱ्या सोडवून आणू नयेत, बारसकट आणाव्यात. पट्टा आणि गाठी समोर नसतील, तर नुसत्या दोऱ्यांच्या लांबीवरून काइट कसा उडेल हे ठरवता येत नाही.