सानं, काचेचं कौल आणि फायबरचा पत्रा

भोसरीत किंवा चाकणला नवीन शेड टाकायचं म्हटलं की फॅब्रिकेटर विचारतोच, ट्रान्सपरंट पत्रे किती टाकायचे, आणि आपण पटकन सांगून मोकळे होतो, टाका चार पत्र्यांमागे एक. हा हिशेब आला कुठून ते कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण एकदा पत्रे बसले की पुढची दहा-पंधरा वर्षं माणसं असोत की गुरं, त्याच उजेडात आणि त्याच उकाड्यात राहणार असतात.

वरून उजेड घेणं आपल्याकडे नवीन नाहीच. इंदापूरच्या पुढे सोलापूरच्या अंगाला धाब्याची जुनी घरं बघा, चुलीच्या वर छताला एक भोक असतं, त्याला सानं म्हणतात. धूर त्यातून बाहेर, उजेड आत, आणि पाऊस आला की कुणीतरी धावत वर जाऊन त्यावर घमेलं पालथं घालायचं. खोली केवढी आणि भोक केवढं हे जरा डोळ्यासमोर आणा. ते बारीक ठेवलं कारण बाहेर ऊन आग ओकत असतं आणि भरदुपारी हातभर भोकातूनसुद्धा स्वयंपाकाला पुरेल एवढा उजेड येतो. मावळात कौलारू घरांत हेच काम काचेच्या कौलाने केलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथून एका मापाची कौलं सगळीकडे गेली आणि एका मापाची म्हटल्यावर त्याच साच्याचं काचेचं कौल मधेच बसवणं एकदम सोपं झालं. माझ्या आजोळी माजघरात अशी दोन कौलं होती, फक्त दोन, आणि तेवढ्या उजेडात आजी तांदूळ निवडायची.

आता दुसरी बाजू. मोठ्या काचेच्या छपराची कल्पना आली इंग्लंडातून, आणि तिथे ती गरजेतून आली, कारण वर्षातले कित्येक महिने आभाळ भरलेलं, ऊन तिरकं आणि थंडीत दिवस तीन-साडेतीनलाच मावळतीला लागतो. काचेवरचा कर तिथे 1845 मध्ये उठला, काच स्वस्त झाली, आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने अख्खा क्रिस्टल पॅलेस काचेचा उभारला. पॅक्स्टन मूळचा माळी, झाडांसाठी काचघरं बांधून बांधून त्याचा हात बसलेला, म्हणजे शेतीतली युक्ती आधी आली आणि तिचं व्यापारी इमारतीत रूपांतर नंतर झालं. हे मला फार मोलाचं वाटतं.

पण आपल्या शेडवर खरा ठसा उमटला तो कापडगिरण्यांचा. मागांची थरथर आणि वजन यामुळे विणकाम खाते तळमजल्यावरच ठेवावं लागायचं, जागा इतकी पसरट की बाजूच्या खिडक्यांचा उजेड मधल्या मागापर्यंत पोचतच नाही, आणि धागा तुटलेला तर लगेच दिसला पाहिजे. म्हणून इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आलं, दात्याची उभट बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, म्हणजे उजेड सारखा मिळतो आणि ऊन आत येत नाही. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढली, त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि यंत्रांबरोबर हे छप्परही इकडे आलं. नंतर पुण्याच्या कारखान्यांवरही ते दिसायला लागलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लँकेशायर साधारण 53 उत्तर अक्षांशावर, तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच. पुणे साडेअठरा अंशांवर. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे ऐन मेच्या उकाड्यात उत्तरेच्या तिरप्या काचेतून ऊन थेट आत. काच उभी ठेवली आणि वर थोडी पडवी काढली तर भागतं, पण ते इथल्या सूर्याकडे बघून ठरवावं लागतं, तिकडचा नकाशा उचलून चालत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्यात 17 व्या कलमात उजेडाची तरतूद आली, आणि त्यात छपरातल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा असंही लिहिलं होतं. किती कारखान्यांत ते होतं? 1962 मध्ये एमआयडीसी आली, पिंपरी-चिंचवड, भोसरीला शेडच शेड उभ्या राहिल्या, सिमेंटचे पत्रे, आणि त्यांच्याच नळीच्या मापाचा फायबरचा पत्रा मधे टाकला की झालं, काच नको, वेगळी चौकट नको. स्वस्त आणि सोपं, म्हणून ते पसरलं. पण हा पत्रा म्हणजे रेझिनमध्ये, एका प्लास्टिकसारख्या पदार्थात, बसवलेले काचेचे तंतू, उन्हाने वरचा रेझिनचा थर झिजतो, पत्रा आधी पिवळा मग तपकिरी पडतो, ते तंतू उघडे पडतात आणि त्यात धूळ बसते. अशा पत्र्यावरून एकदा हात फिरवून बघा, कुसळं टोचावीत तसं टोचतं. नंतर पॉलीकार्बोनेट हे टणक पारदर्शक प्लास्टिक आलं, ते 1953 मध्ये जर्मनीत बायर कंपनीकडे हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिककडे डॅनियल फॉक्स यांनी वेगवेगळं शोधलेलं. त्यालाही वरून यूव्हीचा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा, थर लागतो, आणि तो थर असलेली बाजू चुकून खाली बसवली की पत्रा लवकर वाया गेलाच म्हणून समजा.

गोठ्यांचं वेगळं. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही पशुपालनात काम करणारी संस्था सुरू केली, संकरित गाई घरोघरी आल्या, आणि एचएफला, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विलायती जातीच्या गाईला, उकाडा अजिबात सोसत नाही. गोठ्यात उजेड हवा, जमीन वाळते, शेण-मूत दिसतं, आजारी जनावर लगेच ओळखू येतं, पण स्वच्छ पारदर्शक पत्र्यातून खाली उन्हाचा झगझगीत पट्टा पडला की गाय तिथे बिचकते, पाय टाकत नाही. दुधाळ रंगाचा पत्रा उजेड पसरवतो, गोठ्याला तोच घ्यावा, तोही अगदी मोजका. मंचर-खेडकडच्या बटाट्याच्या वखारीत तर एकही नको, उजेडाने बटाटा हिरवा पडतो, कडवट होतो आणि खाण्यालायक राहत नाही.

मधे 2005 च्या आसपास लोडशेडिंगने सगळ्यांना छळलं तेव्हा कित्येकांनी चांगले पत्रे काढून तिथे पारदर्शक टाकले, दिवसा मशीनवर निदान दिसावं म्हणून. ती मजबुरी होती, पण चार पत्र्यांमागे एक ही सवय अशा काळात पक्की होते. चाराला एक म्हणजे छपराचे 25 टक्के झाले. इंग्लंडात 10 ते 20 टक्के चालतात, आणि आपल्या 2007 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने सरळ हिशेबात छपरातल्या उजेडाला 5 टक्क्यांची मर्यादा घातली. लक्स हे उजेडाचं माप, भर उन्हात बाहेर लाखभर लक्स असतात, त्याचा शंभरावा भाग आत आला तरी हजार होतात, बारीक कामालाही ते भरपूर. सान्याचं माप उगाच बारीक नव्हतं.

आणि एक, हे मनापासून सांगतो. आमच्या ओळखीतला एक पोरगा पावसाआधी पन्हाळ साफ करायला शेडवर चढला, धुळीने माखलेला फायबरचा पत्रा त्याला लोखंडी पत्र्यासारखाच दिसला, पाय पडला आणि तो थेट खाली कोब्यावर. वाचला, पण दोन्ही टाचा मोडल्या, आजही नीट चालत नाही. अशा प्रत्येक पत्र्याखाली जाळी घाला, खर्च फार नसतो.

आता छपरावर सोलर आलंय आणि पॅनलवाले म्हणतात उजेडाचे पत्रे काढा, जागा अडते. काढू नका. दक्षिण उतार पॅनलला द्या, उत्तर उतारावर दुधाळ पत्रे ठेवा, पॅनल धुवायला माणूस चढेल तेव्हा त्याच्याकडून तेही धुवून घ्या, आणि मधे चालायला फळीची वाट आधीच करून ठेवा.